पोटखराबा

वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही भावंडं वाटणीला बसलो. घोंगडीवर सातबाऱ्याचे उतारे पसरलेले, कडेला निवून गेलेला चहा, आणि धाकट्या भावानं वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला शेताचा नकाशा. विहिरीखालचं काळं रान, मधली हलकी पट्टी, आणि ओढ्याच्या पल्याड, वरच्या अंगाला, माळ. माळाकडच्या तुकड्याचं क्षेत्र एक हेक्टर वीस आर. त्यातलं जवळजवळ सगळं उताऱ्यावर एकाच शब्दाखाली मांडलेलं: पोटखराबा. जिथं पीक घेता येत नाही, ती जमीन.

"ताई, तू खालचे दहा गुंठे घे. वरचं घेऊन काय करणार? तिथं कुसळाशिवाय काय उगवतंय?" भाऊ म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. ऊस लावणारा माणूस तो, जमीन पाण्यापासूनच्या अंतरानं मोजायची त्याला सवय. मी म्हटलं, मला वरचंच दे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी रुसून बोलतेय असं त्याला वाटलं असावं. त्या दिवशी मला त्याला नीट सांगता आलं नाही. कुसळाशिवाय तिथं काय उगवतं ते, आणि खुद्द कुसळ काय असतं तेही, आता सांगते.

आमचं गाव इंदापूर आणि बारामतीच्या मधल्या अवर्षणाच्या पट्ट्यातलं. महाबळेश्वरावर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून शे-दीडशे किलोमीटर पूर्वेला उतरलं की तो ५०० च्या आसपास उरतो. तोही मृगात थोडा, मग दीड महिना आभाळाकडे बघणं, आणि परतीच्या पावसात काय मिळेल ते. माती वर वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. मोठ्या झाडाला मूळ खाली उतरवायला जागा नाही, आणि उतरवलं तरी आठ महिने प्यायला पाणी नाही. अशा जमिनीवर गवत येतं. कुणी पेरत नाही, कुणी शिंपत नाही.

शाळेत भूगोलाच्या तासाला आम्ही स्टेप, प्रेअरी, पंपास घोकून पाठ केले. सॅव्हाना म्हटलं की आफ्रिका, जिराफ आणि सिंह. वर्गाच्या खिडकीतून जे पिवळं रान दिसत होतं, मधूनमधून हिवराची आणि बोराची झाडं उभी असलेलं, तेही सॅव्हानाच आहे असं कुणी आम्हाला सांगितलं नाही. मला ते तिशी उलटल्यावर कळलं. आपल्या दारचं रान आपल्याला परक्या देशाच्या नावानं शिकवलं गेलं आणि तरी ओळख पटली नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

माळाची खरी ओळख मला तात्यांनी करून दिली. तात्या म्हणजे धनगरवाड्यावरचे. नात्यानं आमचे कुणी नाहीत, पण आषाढापासून दिवाळीपर्यंत त्यांचा तळ आमच्या माळाच्या अंगाला असायचा आणि आजी त्यांच्या घरच्यांना भाकरी-कालवण पाठवायची, त्यांच्याकडून दूध यायचं. मी शाळा सुटली की मेंढरांमागे. माझ्या डोळ्यांना जे सगळं एकसारखं हिरवं दिसायचं त्यात त्यांना सात-आठ प्रकार दिसायचे. सखल जागी, जिथं थोडी काळी माती धुपून साठलेली असते, तिथं मारवेल. मऊ, गोडसर. तिच्या कांडीच्या पेरावर बारीक पांढऱ्या केसांचं कडं असतं. एकदा ते बघितलं की मारवेल पुन्हा कधी चुकत नाही. चढावर पवन्या आणि शेडा. दगडगोट्यांत डोंगरी गवत. वाटेच्या कडेनं, जिथं सारखा पाय पडतो, तिथं हरळी, आपल्या गणपतीची दूर्वा. आणि उरलेल्या सगळ्या उघड्या मुरमाड अंगावर कुसळी.

"जित्राब वरनं खातं, गवात खालनं वाढतं," तात्या म्हणायचे. मी ते लहानपणी म्हणीसारखं ऐकलं. पुढे कळलं की वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ह्या एका वाक्यासाठी पानभर मजकूर लागतो. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो. आंब्याच्या रोपाचा शेंडा शेळीनं ओरबाडला की ते वर्षभर खुरटतं. गवताचा वाढता भाग मात्र जमिनीलगत, ठोंबाच्या बुडाशी आणि पानाच्या तळाशी दडलेला असतो. तोंड तिथवर पोचत नाही. पान अर्धं तुटलं तरी खालून ते वर सरकत राहतं. लाखो वर्षं चरणाऱ्या जनावरांनी गवत खाल्लं आणि गवतानं त्यांना खाऊ घालून स्वतः टिकायची ही रीत बसवली. मर्यादेत चराई झाली तर माळ जोमात येतो. उलट वर्षानुवर्षं कुणी चरलंच नाही, कापलंच नाही, तर जुन्या वाळल्या पात्यांच्या थराखाली नवे फुटवे गुदमरतात.

आणि गवत दिसतं त्याहून कितीतरी मोठं असतं. मी आठवी-नववीत असताना एका पावसाळ्यात ओढ्याची दरड ढासळली. सकाळी गेले तर माती कापल्यासारखी उभी उघडी पडलेली. वर कुसळीचा एक ठोंब, जेमतेम वीतभर उंच, आणि त्याच्याखाली मुळांचा जुडगा लोंबत होता. माझ्या कोपरापर्यंतच्या हाताहून लांब. सुतळीपेक्षा बारीक, तांबूस, एकात एक गुंतलेली शेकडो मुळं, आणि प्रत्येकीला मातीचे कण मोहरीसारखे चिकटलेले. मी ओढून पाहिलं. सुटेना. त्या बारक्या दोऱ्यांनी वीतभर मातीला मुरमाला शिवून टाकलं होतं. बऱ्याच गवतांचं निम्म्याहून जास्त शरीर असं जमिनीखाली असतं. मे महिन्यात माळावर उभं राहून "इथं काही नाही" म्हणणाऱ्याच्या पायाखाली हे सगळं जिवंत झोपलेलं असतं. वणवा वरून जातो, दुष्काळ वरून जातो, आणि पहिल्या दोन चांगल्या सरींनंतर आठवड्याच्या आत हिरवी लव येते. हवेतून घेतलेला कार्बनही माळ मुळांत आणि मातीत ठेवतो, जिथं आगीचा हात पोचत नाही.

उन्हाचं गणितही ह्या गवतांनी आपल्यापरीनं सोडवलंय. कडक उन्हात पानाची छिद्रं उघडी ठेवावी तर पाणी उडून जातं, मिटावी तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. बहुतेक झाडं ह्या पेचात अडकतात. माळावरच्या गवतांनी पानाच्या आतच तो वायू दाटवून वापरायची सोय केली, त्यामुळे छिद्रं थोडी उघडून त्यांचं भागतं. ह्याला सी-४ पद्धत म्हणतात. आपली मालदांडी ज्वारी, बाजरी, मका ह्याच पद्धतीनं जगतात. भावाचा ऊसही. म्हणजे माळ आणि खालचं रान एकाच कुळातले, एका वाटणीतले भाऊ आहेत.

आता कुसळ. अश्विनाच्या शेवटी कुसळीला तुरे येतात आणि सगळा चढ तांबूस होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्यावरून वारा गेला की माळानं कूस बदलल्यासारखं वाटतं. जवळ जाऊन एक कुसळ उपटून हातावर घ्यावं. एका टोकाला सुईसारखं टोकदार बी, त्याच्यावर मागच्या दिशेनं वळलेले राठ केस, आणि दुसऱ्या बाजूला बोटभर लांब काळपट शेपटी, दोरीसारखा पीळ घातलेली. आम्ही पोरं हे कुसळ तळहातावर ठेवून त्यावर जिभेनं ओलसर बोट लावायचो. क्षणभर काही होत नसे. मग ती शेपटी हळूहळू वळायला लागायची, स्वतःभोवती गोल फिरायची, जणू आत किल्ली दिलीय. आम्ही त्याला घड्याळ म्हणायचो आणि कुणाचं जास्त फिरतं ह्याच्या पैजा लावायचो.

ते फिरणं बियांना पेरण्यासाठी असतं. शेपटी कोरडी असताना पीळ घेते, ओल लागली की पीळ सोडते. पडलेलं कुसळ गवताच्या काडीला नाहीतर खड्याला टेकतं, रात्रीच्या दवानं पीळ सुटतो, दुपारच्या उन्हानं पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेऱ्यात बी थोडं थोडं मातीत घुसतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. आमच्या वीतभर मातीत, जिथं वरचं बी वारा उडवून नेतो, मुंग्या ओढून नेतात, पाखरं टिपतात, तिथं बियानं स्वतःच स्वतःला पेरून घेतलेलं असतं. आजी संध्याकाळी ओट्यावर बसून लुगड्याच्या काठातली कुसळं एकेक करून उपटायची. "मेली सोडत न्हाईत," म्हणायची. ती मातीला सोडत नाहीत त्याच गुणानं.

हाच गुण मेंढरांच्या जिवावर येतो. पिकलेलं कुसळ लोकरीतून आत शिरतं, कातडीत रुततं, डोळ्यात जातं, तोंडाला जखमा होतात. म्हणून कुसळ पिकायच्या सुमाराला तात्यांचं निघायचं ठरायचं. दिवाळी झाली की वाडा हलायचा. घोड्यांवर बिऱ्हाड, टोपलीत कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं, कुत्री मागंपुढं. घाट उतरून कोकणच्या अंगाला, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवत. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून त्यात कळप कोंडायचा, सकाळी लेंड्या-मुताचं खत रानाला, आणि बदल्यात धान्य किंवा पैसे. पाऊस जवळ आला की उलटा प्रवास, कारण कोकणच्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. माळाचं हिरवं होणं, गवताचं कोवळं असणं, कुसळ पिकणं, ह्या तीन गोष्टींच्या तालावर माणसांची वर्षं चालायची. गवत उगवतं, चरलं जातं, पिकायला लागतं तेव्हा कळप निघून जातो आणि बी जमिनीत जायला मोकळं होतं.

पावसाळ्यातला माळ बघायला कुणी येत नाही. लोक भाद्रपदात कासला जातात, जायलाच हवं, ते पठार डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे. माळाची फुलं मात्र वाकून शोधावी लागतात. विष्णुक्रांतेचं निळं फूल शर्टाच्या बटणाएवढं, गवताच्या बुडाशी. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे. पिवळ्याधमक तरवडाच्या फांद्या. आणि काटेरी झुडपाच्या आडोशाला वाढणारी शिंदळ माकुडी, चौकोनी मांसल बोटांसारखी, जी आम्ही मोडून तशीच खायचो. कडवट-आंबट लागते. पहिल्या पावसात लाल मखमलीचे मृगाचे किडे निघतात. त्यांना हातावर घेऊन पोरं दिवसभर हिंडतात.

उन्हाळ्यातला माळ तर त्याहून कुणी बघत नाही. पण वैशाखात, माणूस सावली शोधत असतो त्या वेळी, दगडावर चढून एक नर सरडा गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी फुलवतो. निळी, काळी, केशरी. मादीला दाखवायला. दख्खनच्या पठारावरच्या ह्या सरड्यांचा वेगळा गट २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडला तेव्हा त्याला नाव दिलं सरडा. आपलाच शब्द, जसाच्या तसा, शास्त्रीय नावात. मला ह्या गोष्टीचा फार आनंद होतो. त्याच उन्हात माळटिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालून बसते. घरटं कसलं, चार खड्यांचं कडं. अंड्यांचा रंग असा की तात्यांनी बोट दाखवूनही मला दोन मिनिटं ती दिसली नव्हती.

लांडगा मी आयुष्यात तीनदाच पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो कुत्राच वाटला होता, पण तो ज्या रीतीनं थांबून, मान वळवून बघत उभा राहिला, तसा कुत्रा उभा राहत नाही. आदल्या रात्री त्यानं वाघर ओलांडून एक कोकरू नेलं होतं. तात्यांच्या सुनेनं सकाळभर त्याला शिव्या घातल्या. तात्यांनी वाघरीच्या मेखा पुन्हा ठोकल्या, कुत्र्यांची जागा बदलली. मी विचारलं, तात्या, मारायचं नाही त्याला? ते म्हणाले, "त्येच्या पोरांनी काय कुसळं खायची?" आणि कामाला लागले. भारतात लांडगे अंदाजे ३,१०० आहेत. वाघांचा २०२२ चा अंदाज ३,६८२ चा. म्हणजे लांडगा वाघाहून दुर्मीळ, आणि तरी त्याच्या नावानं तिकीट छापलेलं किंवा गावात कमान उभी राहिलेली मी बघितली नाही. लांडग्याला मोठं जंगल लागत नाही. त्याला पळायला उघडा माळ लागतो, आणि पिल्लं घालायला कुणी न उकरलेला एखादा ओढ्याचा काठ.

माझ्या वडिलांनी लहानपणी करमाळ्याकडे जाताना माळढोक पाहिलेला. "एवढा मोठा," म्हणून ते हात कमरेच्या वर न्यायचे. गवतातून सावकाश चालत गेला, उडाला नाही, असं सांगायचे. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, गावं, शेतं, रस्ते सगळं धरून. पुढे ते १,२२२ वर आणलं गेलं. आज सगळ्या देशात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक राजस्थानात. जमिनीवर, गवतात, बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी. त्या आधी चित्ता गेला. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत, ते सांभाळणारे चित्तेवान असत, आणि ते आडनाव आजही आहे. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट आहे, चिंकारा आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतो. ते अभयारण्य साधारण पाच चौरस किलोमीटरचं.

आता मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचं शिबिर एका गावी गेलं होतं. गायरानावर वृक्षारोपण. दोन बाय दोन फुटांचे खड्डे, ओळीनं, दोरी लावून. आम्ही सत्तर-ऐंशी मुलंमुली सात दिवस खड्डे घेत होतो, गाणी म्हणत होतो, हाताला फोड आले तरी कुणी थांबत नव्हतं. रोपं आली होती ती गिरिपुष्पाची, सुबाभळीची, काही करंजाची. मी मनापासून काम केलं. उघड्या रानाला हिरवं करतोय, ह्याहून चांगलं काय असणार. चौथ्या दिवशी एक म्हातारे धनगर येऊन बांधावर बसले. आमचे तात्या नव्हेत, दुसरेच, पण तसेच. आम्ही खड्ड्यातून उपटून ढिगाला लावलेले पवन्याचे आणि मारवेलीचे ठोंब त्यांनी एकेक करून हातात घेतले, मुळाची माती झटकली, पुन्हा ठेवले. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "पोरी, ह्ये कुठं टाकणार?" मला वाटलं ते केराबद्दल विचारतायत. मी म्हटलं, बाबा, टाकून देऊ, काळजी नका करू.

त्यानंतर त्या रानाला तार पडली आणि मेंढरांना बंदी आली. उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली. जगली ती गिरिपुष्पं, दाट वाढली, आणि त्यांच्या सावलीत गवत गेलं. माळावरच्या गवताला उघडं ऊन लागतं, सावलीत ते मरतं, एवढी साधी गोष्ट. दहा-बारा वर्षांनी मी तिथं परत गेले तेव्हा झाडांखाली नागडी माती होती आणि टाकळा. खड्ड्यांच्या ओळी अजून ओळखू येत होत्या. जुनं गवताळ रान एकदा उकरलं किंवा नांगरलं की पुन्हा तसं व्हायला दशकं लागतात, हे मी तोवर वाचलं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न मला तेव्हा कळला.

मला झाडांशी वैर नाही. माळाची स्वतःची झाडं आहेत: हिवर, बोर, बाभूळ, खैर, हिंगणबेट. ती अंतर राखून उभी राहतात, उन्हाला वाट ठेवून, आणि त्यांच्याखाली मेंढरं दुपारी रवंथ करतात. पण आपण सरकारी कागदावर माळाला पडीक म्हटलं, पोटखराबा म्हटलं, देशाच्या पातळीवर पडीक जमिनींच्या नकाशात बसवलं, आणि मग ती जागा रिकामी आहे असं धरून चाललो. रिकाम्या जागी काहीही करता येतं. रस्ता, कारखाना, सौर पट्ट्या, खड्डे. भारतातल्या अर्धशुष्क भागांतल्या अशा उघड्या नैसर्गिक रानांचा नकाशा संशोधकांनी तयार केला तेव्हा ती देशाच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के भरली. त्यातला ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो.

"पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला," हे मी कितीदा ऐकलंय, आणि खूप वर्षं मीही तेच बोलत होते. काही ठिकाणी खरं असेलही. पण उष्ण देशांतली ही सी-४ गवतांची रानं माणूस यायच्या कितीतरी आधीची आहेत. शिवालिकच्या खडकांतल्या खुणा साधारण ८० लाख वर्षांपूर्वीपासून गवताचा पसारा वाढत गेल्याचं सांगतात. आणि आपल्या पठारापुरतं बोलायचं तर २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्या दोघा संशोधकांनी एक सुंदर काम केलं. त्यांनी जुनं मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा, ओव्या, कथा, चरित्रं चाळली आणि त्यांत कुठल्या रानझाडांची नावं येतात ते पाहिलं. बहुसंख्य निघाली ती माळाची, काटेरी, उघड्या रानाची. जवळपास ७५० वर्षांपर्यंत मागे गेलं तरी पश्चिम महाराष्ट्राचं हे रान असंच माळरान होतं, असं त्यातून दिसतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत हिवर आणि बोरी-बाभळी होत्या तेव्हा मला ते केवळ यमकासाठी वाटायचं. बायका दळताना समोर दिसणारं रानच गात होत्या.

उजनी धरण १९८० साली झालं आणि आमच्याकडे ऊस आला. मी त्याला नावं ठेवत नाही. माझी फी उसाच्या बिलातून भरली गेली, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन त्याच पैशात झालं. पण पाइपलाइन माळाच्या कडेला पोचली की पुढच्या महिन्यात जेसीबी येतो, मुरूम खरडतो, बाहेरून काळी माती आणून पसरतात, आणि दोन वर्षांत तिथं कधी माळ होता हे सांगूनही पटत नाही. आमच्या शिवारातला निम्मा माळ माझ्या डोळ्यांदेखत असा गेला. तात्यांच्या मुलानं मेंढरं विकली. नातू मात्र अजून शंभरेक मेंढरं राखून आहे. त्याला चरायला रान दरवर्षी लांब लांब शोधावं लागतं.

माझ्या एक हेक्टर वीस आरचं मी फारसं काही केलेलं नाही. खड्डा घेतला नाही, तार घातली नाही. वेडी बाभूळ शिरत होती ती मजूर लावून मुळासकट काढली. गाजर गवत फुलायच्या आत उपटते. नावात गवत असलं तरी ते सूर्यफुलाच्या कुळातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं परदेशी तण. बाकी तात्यांच्या नातवाशी बोलून जुन्या कुरण राखण्याच्या रीतीनं ठरवलं: अर्धं रान श्रावण-भाद्रपदात बंद, अर्धं चराईला, पुढच्या वर्षी उलट. बंद अर्ध्याचं गवत दसऱ्यानंतर कापायचं, पेंढ्या त्याच्या, थोडं उभं ठेवायचं. चौथ्या वर्षी सखल कोपऱ्यात मारवेल दिसली. पेराला पांढरं कडं. मी गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ ते बघत होते.

गेल्या मार्गशीर्षात भाऊ मोटारसायकलवरून वर आला. घरी जेवायला बोलवायला. सूर्य टेकलेला, माझा तुकडा आणि त्याला लागून असलेलं गायरान सगळं सोनेरी. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. उत्तरेकडून एक पक्षी आला, गवताच्या अगदी वरून, पंख किंचित वर धरून, तरंगत. मग दुसरा. मग तीन एकदम. भोवत्ये. हे थंडीत मध्य आशियातून, कझाकस्तानच्या स्टेपमधून येतात, दिवसभर माळावर नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच झोपतात. एकेक घिरटी घेत खाली उतरत होता आणि गवत मिटून घेतल्यासारखं त्याला आत घेत होतं.

"कुठनं आलेत म्हणालीस?" भावानं हळू आवाजात विचारलं. मी सांगितलं. तो मोजत होता, ओठ हलत होते. चौदा झाले, मग सतरा.

"आणि झोपायला आपल्या माळावर?"

"हो."

अंधार पडला. त्यानं खिशातली किल्ली काढली, गाडीकडे गेला, आणि किल्ली तशीच हातात धरून थांबला. मग गाडी स्टँडवरून काढून चालू न करताच ढकलायला लागला. मी मागून चालत होते. ओढा ओलांडून, चढ चढून, उसाच्या कडेला आल्यावर त्यानं किक मारली.